कन्व्हेन्शन सेंटर: कमाई भिंतींच्या बाहेर होते

२६ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘भारत मंडपम’ या कन्व्हेन्शन सेंटरचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे २,७०० कोटी रुपये. दोन महिने उलटायच्या आत, १७ सप्टेंबरला, द्वारकेत ‘यशोभूमी’चा पहिला टप्पा खुला झाला. त्यावर सुमारे ५,४०० कोटी लागले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर २०२२ मध्येच सुरू झालं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं १४१वं अधिवेशन तिथे भरलं आणि २०२८च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्यावर तिथेच शिक्कामोर्तब झालं.

अशी बातमी आली की ‘आमच्याही शहरात एक हवं’ ही मागणी सुरू होते. काही जण त्यात सोन्याची खाण बघतात, काहींना तो निव्वळ पांढरा हत्ती वाटतो. दोन्ही बाजूंचे काही समज तपासून घ्यायला हवेत, कारण इथे जमीन आणि पैसा बहुतेक वेळा सार्वजनिक असतो.

‘केंद्र तोट्यात चालतं, म्हणजे पैसा पाण्यात गेला’

मोठ्या प्रदर्शनाचे दिवस तीन-चार असले तरी आधीची मांडणी आणि नंतरची आवराआवर धरून सभागृह आठवडाभर अडकतं. वातानुकूलन, सुरक्षा, वीज, देखभाल मात्र बारमाही. नुसत्या भाड्यातून बांधकामाचं कर्ज फिटेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे. अमेरिकेतली बहुतेक सरकारी केंद्रं तशी अपेक्षा धरून बांधलेलीच नाहीत.

त्यामागचा विचार समजून घ्यायला लास वेगासचं उदाहरण उत्तम. १९५०च्या दशकात तिथली हॉटेलं शनिवार-रविवारी भरायची आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत ओस पडायची. खोली रिकामी गेली की त्या रात्रीचं भाडं कायमचं बुडतं, ते नंतर भरून काढता येत नाही. म्हणून १९५५ मध्ये एक मंडळ नेमलं गेलं, हॉटेलच्या खोल्यांवर कर लागला आणि त्यातून १९५९ मध्ये अधिवेशन केंद्र उभं राहिलं. पर्यटक नसतील त्या दिवशी व्यापारी, डॉक्टर, इंजिनिअर यांना बोलवायचं, हा त्यामागचा हिशेब. इलेक्ट्रॉनिक्सचं ‘सीईएस’ हे महाप्रदर्शन आजही तिथे जानेवारीत भरतं, नववर्षाची गर्दी ओसरल्यावर. केंद्राचा ताळेबंद बघायचा तर रिकाम्या राहिल्या असत्या अशा किती खोल्या त्याच्यामुळे भरल्या, हे बघावं लागतं.

‘जितकी गर्दी, तितका फायदा’

हा सगळ्यांत पक्का रुजलेला समज आहे आणि प्रकल्प अहवालांतले मोठे आकडे बहुधा यातूनच येतात. पुण्याचं एक कुटुंब रविवारी मोशीच्या प्रदर्शनात गेलं, तिथे जेवलं, दोन वस्तू घेतल्या. शहराची कमाई वाढली का? फारशी नाही. ते कुटुंब एरवी लक्ष्मी रस्त्यावर गेलं असतं किंवा एखाद्या मॉलमध्ये. खर्चाची जागा बदलली, एवढंच. लातूरचे डॉक्टर वैद्यकीय परिषदेसाठी मुंबईत दोन रात्री राहिले, तर तो पैसा मुंबईसाठी नवा असतो, महाराष्ट्रासाठी नाही. चेन्नईहून किंवा सिंगापूरहून आलेला प्रतिनिधी दोघांसाठीही नवा. त्यामुळे ‘पाच लाखांनी भेट दिली’ असं कोणी सांगितलं, तर बाहेरगावचे किती आणि मुक्कामाला किती राहिले, हे विचारायला हवं.

मुक्काम कधीचा, हेही तितकंच महत्त्वाचं. डिसेंबरअखेर गोव्यात हॉटेलं आधीच भरलेली असतात. तेव्हा परिषद भरली तर प्रतिनिधीला खोली मिळते आणि पर्यटकाला नाही, यात गोव्याच्या हाती वाढीव काही पडत नाही. तीच परिषद जुलैच्या पावसात घेतली तर हॉटेलपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांचा मंदीचा महिना सावरतो. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४चं अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये जूनअखेरच्या शनिवार-रविवारला जोडून झालं. सॅन होजे कामाचं शहर, तिथल्या हॉटेलांचे गर्दीचे दिवस आठवड्याच्या मधले. अशा ठिकाणी सुट्टीला जोडून येणारे हजारो मराठी पाहुणे म्हणजे शहराच्या दृष्टीने नेमकं हवं ते गिऱ्हाईक.

‘एकदा बांधलं की परिषदा आपोआप येतात’

येत नाहीत. टेक्सासमधले अभ्यासक हेवूड सँडर्स यांनी २००५ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालात हे आकडेवारीने दाखवून दिलं. अमेरिकेत १९९० नंतर प्रदर्शनाची जागा निम्म्याहून अधिक वाढली, पण येणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. शेजारच्या शहराने सभागृह मोठं केलं म्हणून आपणही करायचं, मग भाडं उतरवायचं, आणि शेवटी जागा फुकट देऊन परिषद ओढायची, असं चक्र तिथे फिरत राहिलं. आपल्याकडे या अभ्यासाची चर्चा व्हावी तितकी होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रदर्शनं मरतातही. ‘कॉमडेक्स’ हे संगणकांचं प्रदर्शन १९७९ पासून लास वेगासमध्ये भरत होतं. ऐन भरात तिथे दोन लाखांवर लोक येत. २००४ मध्ये ते रद्द झालं आणि पुन्हा उभं राहिलं नाही. केंद्राने एका मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबून राहू नये, ते यासाठी.

मग केंद्र चालतं कुठे? हैदराबादचं एचआयसीसी हे कन्व्हेन्शन सेंटर २००६ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याला लागूनच नोव्होटेल हॉटेल होतं, शेजारी हायटेक सिटी वाढत होती आणि त्याच वर्षी मे महिन्यात आशियाई विकास बँकेची वार्षिक सभा तिथे झाली. यशोभूमीच्या उद्घाटनाच्या दिवशीच विमानतळ मेट्रोचा मार्ग थेट तिथपर्यंत वाढवण्यात आला. परिषदेचे आयोजक शहर निवडताना थेट विमानं किती, चालत जाता येईल अशी हॉटेलं किती, आणि त्या विषयातले उद्योग किंवा महाविद्यालयं शहरात आहेत का, हे बघतात. छताची उंची त्यानंतर येते. बहुतेक परिषदा काहीशे माणसांच्याच असतात, म्हणून पाच हजारांच्या एका सभागृहापेक्षा भिंती सरकवून लहान-मोठी करता येतील अशी दालनं अधिक दिवस भाड्याने जातात.

‘फायदा फक्त पंचतारांकित हॉटेलांचा’

असं म्हणणाऱ्यांनी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रासारख्या ठिकाणी डोकवावं. ‘शेल स्कीम’मध्ये ‘ऑक्टानॉर्म’ पद्धतीचे तयार खांब आणि पांढरी पॅनेलं जोडून एकसारख्या स्टॉलच्या रांगा उभ्या राहत असतात. ‘बेअर स्पेस’ घेतलेल्या कंपन्यांकडे मात्र मोकळी जमीन असते आणि तिथे फॅब्रिकेटरचे सुतार प्लायवूड कापत असतात. रंगाच्या वासाने डोळे चुरचुरतात. एकजण गालिचा अंथरतोय, दुसरा त्यावर प्लास्टिक टाकतोय, इलेक्ट्रिशियन शिडीवर दिवे लावतोय आणि खाली कोणीतरी कंपनीचं नाव चुकलेली पट्टी बदलून आणायला पळतोय. सकाळी दहाला दारं उघडतात तेव्हा या कामाचा मागमूस राहत नाही. टेम्पोवाले, फ्लेक्स छापणारे, केटरर, दुभाषे, स्वागतिका, हार-फुलवाले हे सगळे पंचतारांकित साखळीबाहेरचे लोक.

पण यातलं बरंचसं काम त्या चार-पाच दिवसांपुरतं असतं. ‘इतके हजार रोजगार निर्माण होतील’ या घोषणेत ते कायमच्या नोकऱ्यांसारखं मोजलं जातं, तिथे हिशेब फुगतो. वर्षात किती दिवस दालनं भरलेली असतील, त्यावर या सुताराचं पोट अवलंबून आहे.

दालनं भरतील का, या शंकेपोटी ऑनलाइन बैठकांनी हा धंदा संपवला असंही म्हटलं जातं, पण तो समज आता फार काळ बाळगण्याचं कारण नाही. सीईएस २०२१ मध्ये फक्त ऑनलाइन झालं आणि पुढच्याच वर्षी सभागृहात परतलं. माल हाताळून बघणं आणि चहा घेता घेता सौदा ठरवणं पडद्यावर जमत नाही.

‘शहर कमावतं म्हणजे महापालिकाही कमावते’

लास वेगासमध्ये खोलीवरच्या कराचा हिस्सा अधिवेशन केंद्र चालवणाऱ्या मंडळाला मिळतो, म्हणून परिषद आली की त्या मंडळाच्या तिजोरीतही भर पडते. आपल्याकडे हॉटेलच्या खोलीवर, जेवणावर आणि स्टॉलच्या भाड्यावर लागतो तो जीएसटी, आणि तो केंद्र सरकार व राज्य सरकार यांच्यात वाटला जातो. जकात २०१७ मध्ये मुंबईतूनही गेली, तिच्या जागी राज्याकडून भरपाई येते. रस्ता, पाणी, कचरा आणि वाहतूक कोंडी महापालिकेच्या वाट्याला येते, आणि प्रदर्शन कितीही गाजलं तरी थेट उत्पन्न राहतं ते प्रामुख्याने मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि परवाना शुल्क एवढंच. म्हणून महापालिका स्वतःची जमीन देणार असेल, तर भाड्यातला किंवा उलाढालीतला तिचा हिस्सा निविदेतच लिहिलेला हवा. करार झाल्यावर तो मागायला जागा उरत नाही.