माळावरील वसंत

सोलापूरकडील लोकांचा असा समज आहे कीं, आपल्या अवर्षणाच्या मुलुखांत वसंत येतच नाहीं. थंडी सरते आणि एकदम उन्हाळा लागतो. हा समज कितपत खरा, हें पाहण्यासाठीं गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही चौघे अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथें रानफुलांचीं छायाचित्रें घेण्यास गेलों होतों. एक निवृत्त पोस्टमास्तर, वनस्पतिशास्त्र शिकविणारी त्यांची सून आणि वैद्यकाचा एक विद्यार्थी हे माझे सोबती. तिघांचाही परिचय नवा. साठी उलटल्यावर नवे स्नेही जोडतां येत नाहींत, असें म्हणतात. परंतु आवड समान असली कीं वयाचें अंतर आड येत नाहीं.

प्रथम दिसला तो पळस. पानें गाळून हा वृक्ष पाणी राखतो, आणि निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुलें धारण करितो. फुलाच्या पांच पाकळ्यांपैकीं दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखा वांकडा आकार होतो. ‘हा शुक तर नव्हे?’ अशा अर्थाचें ‘किंशुक’ हें नांव किती समर्पक आहे, हें वर्गांत शब्द फोडून सांगतांना जितकें कळलें नव्हतें, तितकें तेथें कळलें. मधासाठीं शिंजीर पक्षी येत, तेव्हां तर बोलावयासच नको.

पळसाखालीं तरवड पिवळा फुलला होता. त्याची साल कातडें कमावण्यास उपयोगी पडते. एकदांडी मूळची अमेरिकेकडील, परंतु आतां येथलीच झालेली. पिवळा धोत्राही तिकडचाच, मेक्सिकोचा. त्याचें फूल देखणें, परंतु बियांचें तेल घातक. मोहरीच्या तेलांत त्याची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लींत अंगावर सूज येणाऱ्या रोगाची सांथ आली व कित्येक दगावले. गृहिणींनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

छायाचित्र घेणाऱ्यानें फुलाच्या उंचीस यावें, म्हणजे जमिनीवर बसावें. सकाळचें कोंवळें ऊन उत्तम. एक चित्र फुलाचें, एक पानाचें व एक संपूर्ण झाडाचें घेऊन तिथि व स्थळ लिहून ठेवावें. ओळख पटविण्यास तें उपयोगी पडतें. फूल मात्र तोडूं नये.

कुंभारींत २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठीं १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. कष्टकऱ्यांस निवारा मिळाला, हें उत्तमच झालें. परंतु उरलेल्या माळास ‘पोटखराबा’ म्हणून कवडीमोल लेखणें योग्य नव्हे. माळढोकासाठीं १९७९ साली नान्नज येथें अभयारण्य झालें, तेंही अशाच गवताळ माळाकरितां. माळ रिकामा नसतो. पाहणारा घाईंत असतो.

घरांतील मुलांस वर्षांतून एकदां अशा माळावर न्यावें. त्यांनीं टिपलेलीं चित्रें तिथिवार जपलीं, तर कोणतें फूल यंदा आलें आणि कोणतें आलें नाहीं, हें पुढील पिढीस सांगतां येईल.