आधी गिटार तपासा

सकाळी ६
जोगेश्वरी पूर्वेला, गुंफा रोडच्या बाजूच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर माझा गिटारचा क्लास आहे. हा पहिला तास माझ्या स्वतःच्या सरावाचा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा आणि चारही बोटं एकेका फ्रेटवरून सावकाश चालवायची. पावसाळ्यात त्याच्याही आधी तारा कोरड्या फडक्याने पुसून घेतो. मुंबईच्या दमट हवेत स्टीलच्या तारा लवकर गंजतात. लाकूड ओल धरून फुगतं आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. मग मे महिन्यात सहज दबणारी तार जुलैत जड लागते. ज्याला हे ठाऊक नसतं तो म्हणतो, ‘मला जमत नाही.’

हे वाक्य क्लासमध्ये सतत कानावर येतं. ते आलं की मी धीर देत बसत नाही, आधी गिटार हातात घेऊन बघतो. शिकणाऱ्याच्या वैतागाला बहुतेक वेळा कारण असतं आणि पुष्कळदा ते दुरुस्त करता येतं, हे मला या खोलीत कळलं.

सकाळी १०
बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. आज गिटार कव्हरमधून बाहेर काढायच्या आधीच म्हणाले, “सर, या वयात बोटं काही वळायची नाहीत. दुखतात फार.”

“काका, गिटार द्या बरं इकडे.”

दुकानदाराने १२ गेजच्या तारा चढवून दिल्या होत्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची. ऐकायला त्या भरदार, पण नवशिक्या बोटांना कडक. त्या उतरवून १० गेजचा संच चढवला. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटरवर असावी. त्यांची बरीच वर होती, म्हणून नेकमधली सळईही थोडी आवळली. पुन्हा वाजवायला बसले तेव्हा ‘ए मायनर’ कॉर्ड स्वच्छ वाजला आणि काका माझ्याकडे बघतच राहिले.

बोटांच्या टोकांना घट्टे पडायला तीन-चार आठवडे लागतात. रोज पंधरा मिनिटं वाजवलं तर घट्टे पडतात. आठवडाभर हात न लावता रविवारी तीन तास बसलं तर फोड येतात. आंघोळीनंतर लगेच वाजवू नये, कातडी मऊ झालेली असते. इतकं सांगून त्यांना सोडलं.

दुपारी १
जेवण, आणि मग पडल्यापडल्या ऐकणं. आज ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावली. १९६७ची ध्वनिमुद्रिका. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांना रागदारी वाजवायची होती, तिला मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात सरकत जाणं, हवी; आणि फ्रेटवर बोट दाबून वाजवलं की सूर पायऱ्यापायऱ्यांनीच चढतो. काब्रांनी हवाईयन पद्धत घेतली : गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून धातूचा तुकडा सरकवायचा. त्या सरकण्यात मींड मिळाली. अडचण हाताची नसून पद्धतीची आहे हे ओळखायला केवढी समज लागते! माझ्या विद्यार्थ्यांना मी हे ऐकायला लावतो. बोटं अगदीच नकोशी झाली असतील त्या दिवशी नुसतं मन लावून ऐकलं, तरी तो दिवस मी सरावात धरतो.

दुपारी ४.३०
शाळा सुटलेली मुलं. यांचं बहुतेक एकच दुखणं : घरातली मोठ्या मापाची गिटार यांच्या मांडीवर येते आणि खांदा कानापर्यंत चढतो. आईबाबांना पाऊण मापाची घ्यायला सांगतो. एक मुलगा कुरकुरला, “सर, माझी करंगळी पोचतच नाही.” त्याला जँगो राइनहार्टची गोष्ट सांगितली. १९२८ साली आगीत त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका निकामी झाली. तो उरलेल्या दोन बोटांनी नव्या तऱ्हेने वाजवायला शिकला आणि युरोपातल्या जॅझचा सर्वांत मोठा गिटारवादक झाला. मुलाने विचारलं, “मग त्याच्या सरांनी त्याला काय शिकवलं?” प्रश्न मला फार आवडला. तिथं सर नव्हतेच, तो स्वतःच शोधत गेला.

संध्याकाळी ७.४५
चर्चगेटच्या बाजूला नोकरी करणारी एक ताई येते. अंधेरीला फास्ट लोकल सोडून स्लो पकडायची, गर्दीतून उतरायचं, आणि तशीच क्लासला. आज बसल्याबसल्या म्हणाली, “सर, पुढच्या महिन्यापासून थांबावं म्हणते. ‘एफ’ काही येत नाही.”

‘एफ’ हीच ती जागा जिथे माणसं गिटार सोडतात. पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवं दाबायचं आणि बाकीच्या बोटांनी वर आकार धरायचा. पण हे तिथेच सगळ्यात अवघड का? तारा जिथून सुरू होतात ती पट्टी म्हणजे नट, आणि ‘एफ’ त्या नटपासून जेमतेम एका फ्रेटवर असतो. तार तिथे दबायला सर्वांत कडक. शिवाय पहिला फ्रेट सर्वांत रुंद : ६५० मिलिमीटर लांबीच्या गिटारवर साधारण साडेछत्तीस मिलिमीटर, तर पाचवा एकोणतीस. बरीच पुस्तकं मात्र आडव्या बोटाची सुरुवात ‘एफ’पासूनच करून देतात. मला ते साफ चुकीचं वाटतं.

“आज ‘एफ’ नको. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. बोट सपाट नको, जरासं कडेवर वळवा. कोपर अंगाजवळ घ्या, दंडाचं वजन बोटाला मिळू दे.”

दोन तारा मेल्यासारख्या वाजल्या. बोट मिलिमीटरभर फ्रेटच्या जवळ सरकवलं. मग सहाही तारा बोलल्या. तो ‘ए मेजर’ होता. आता हाताला सवय होईल तसं एकेक फ्रेट खाली यायचं. तोवर गाणं अडू नये म्हणून बारीक बाजूच्या चार तारांचा छोटा ‘एफ’ वापरायचा. थांबण्याचा विषय तिने परत काढला नाही, मीही काढला नाही.

रात्री ९.३०
गिटारी भिंतीवर टांगतो. कव्हरात बंद केलेली गिटार काढायलाच जिवावर येतं.

काही दिवशी मात्र कारण सापडत नाही. माणूस नुसता थकलेला असतो. तेव्हा नवीन काही घेऊ नये, येणारी गोष्ट दहा मिनिटं सावकाश वाजवून झोपावं. हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बोटांनी कळा दाबण्याचा एक क्रम शिकवला होता. रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तेवढेच तास जागं राहून तो तसा वाढला नाही.

म्हणून शिकणाऱ्यांना कळकळीची विनंती : गिटार सोडायचा निर्णय रात्री घेऊ नका. झोपा, सकाळी तारा पुसा, जाणकाराकडून त्यांची उंची तपासून घ्या, आणि मग एकदा वाजवून बघा.