पिकअपला टायर टाकताय? नक्षी नंतर बघा, आधी टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा

मुरबाड/कल्याण : पावसाळा तोंडावर आला की मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या गावांतल्या पिकअपवाल्यांपुढे एक खर्च उभा राहतो. टायरचा. भेंडी, काकडी, पालेभाजी भरून पहाटे कल्याणच्या बाजार समितीत जाणाऱ्या गाड्या, डोंबिवली-ठाण्यात थेट गिऱ्हाइकाच्या दारात माल टाकणाऱ्या गाड्या, परतीला खत, सिमेंट, पत्रे घेऊन येणाऱ्या गाड्या. वर्षभर पळून टायर झिजलेले असतात. दुकानात गेल्यावर मात्र बहुतेकांचा निर्णय दोनच गोष्टींवर होतो, दिसायला दमदार कुठला आणि स्वस्त कुठला.

दमदार म्हणजे काय, तर जाड ठोकळ्यांचा, खोल खाचांचा टायर. याला लग टायर म्हणतात. गावचा रस्ता आहे, चिखल आहे, म्हणून लग पाहिजे, असा समज पूर्वीपासून चालत आलेला आहे. रस्ते वाईट होते तेव्हा तो खराही होता. आता जरा हिशोब करून बघा. मुरबाड ते कल्याण तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन साठ. यात कच्चा रस्ता किती? शेताच्या बांधापासून डांबरीपर्यंतचा एखादा किलोमीटर. बाकी सगळं डांबर नाहीतर काँक्रीट. पुढे कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीकडे वळलं तरी खाली काँक्रीटच.

अशा रस्त्यावर लग टायरचं काय होतं? रस्त्याला फक्त ठोकळे टेकतात, मधली जागा रिकामी राहते. प्रत्येक ठोकळा टेकताना वाकतो, सुटताना सरळ होतो. त्यातून टायर गरम होतो, आवाज करतो, ठोकळ्यांची एक कड आधी झिजते आणि डिझेलही जास्त जातं. ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर पकडायला रबर कमी पडतं. उलट रिब टायरला गोल फिरलेल्या सरळ धाऱ्या असतात. रस्त्याला जास्त रबर टेकतं, धाऱ्यांमधल्या नाळीतून पाणी मागे निघून जातं, गाडी हलकी पळते. ज्याची गाडी शंभरातले नव्वद किलोमीटर पक्क्या रस्त्यावर पळते, त्याने रिबच घ्यावा.

वीटभट्टीवर, खाणीवर किंवा बांधकामाच्या चिखलात रोज आत-बाहेर करणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला लग लागतोच. आणि जुलैत शेतातून गाडी निघतच नाही असा ज्याचा रस्ता आहे, त्याने मागच्या दोन चाकांना सेमी-लग, म्हणजे मध्ये धारी आणि कडेला ठोकळे असलेला, आणि पुढे रिब ठेवावा. चार महिन्यांतल्या दहा दिवसांच्या चिखलासाठी चारही टायर लग घालणं परवडत नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. नक्षी चुकली तर पैसे जातात, पण भाराचा आकडा चुकला तर टायर फुटतो.

टायरच्या बाजूवर माप लिहिलेलं असतं. छोट्या हत्तीला १४५ आर १२, काही पिकअपला २१५/७५ आर १५. इथेच घोटाळा होतो. बोलेरो जीपच्या टायरवरही २१५/७५ आर १५ हेच माप असतं. रिमवर तो बरोबर बसतो, दिसतोही सारखा, आणि बऱ्याचदा स्वस्त पडतो. पण जीपचा टायर माणसं वाहण्यासाठी आहे. मालवाहू टायरवर मापाबरोबर इंग्रजीत ‘एलटी’ ही अक्षरं आणि ‘८ पीआर’सारखा आकडा असतो. पीआर म्हणजे टायरच्या सांगाड्याची ताकद. गाडीला कंपनीने आठचा दिला असेल तर सहाचा टाकू नये.

मापाच्या पुढे आणखी एक दोन किंवा तीन अंकी आकडा असतो, तो भाराचा. तो किलोत नसतो, ठरलेल्या तक्त्यातला असतो. १०० असेल तर एका टायरला जास्तीत जास्त ८०० किलो, १०४ ला ९००, १०६ ला ९५०, १०८ ला १००० किलो. दोन आकडे तिरक्या रेघेने लिहिले असतील तर पहिला आपल्या कामाचा, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी. समजा भरलेल्या गाडीच्या मागच्या दोन चाकांवर मिळून १,८०० किलो भार येतो. शंभरचे दोन टायर टाकले तर ते १,६०० च पेलतील. दोनशे किलो पहिल्या दिवसापासून जास्त. १०४ चे टाकले तर जेमतेम पुरतील, १०६ चे टाकले तर थोडी जागा राहील. जुन्या मूळ टायरवरचा आकडा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्यावा. नव्यावर तोच किंवा त्याहून मोठा पाहिजे, कमी चालणार नाही.

इथे काहीजण पाटे वाढवतात आणि गाडी आता अडीच टन उचलते म्हणून सांगतात. पाटे वाढले म्हणून टायरची ताकद वाढत नाही. शिवाय २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात जादा मालाला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनामागे २ हजार दंड आहे. एका खेपेचं भाडं किती आणि हा दंड किती, हे ज्याचं त्याने बघावं.

भाराइतकीच हवा. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला दबते-उठते, आत उष्णता साठते, तारा रबरापासून सुटतात आणि एक दिवस टायर फुटतो. चालक म्हणतो उन्हाने फुटला, पण सुरुवात कमी हवेने झालेली असते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती भरायची ते दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळं. पळून गरम झालेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसली म्हणून सोडू नये, थंड झाल्यावर ती कमी भरेल. नायट्रोजन भरला नाही म्हणून काही बिघडत नाही, साधी हवा वेळेवर तपासलेली बरी.

भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून आपल्याकडच्या काही पिकअपही त्यावर जातात. मध्ये ना गाव ना सिग्नल, गाडी तासन्‌तास एका वेगाने काँक्रीटवर पळते आणि टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. त्या रस्त्यावर जुना टायर घेऊन जाऊच नये.

टायर कधी बदलायचा? केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ प्रमाणे नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. मोजपट्टी लागत नाही. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं असतात, त्या सरळ रेषेत नाळीत रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर कायद्याने संपला. आरटीओत पासिंगला, म्हणजे आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी, टायरही बघतात. पण पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याने तिथपर्यंत थांबू नये. तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा. नाळ उथळ झाली की पाणी बाहेर पडत नाही आणि टायर रस्त्याऐवजी पाण्यावर चालायला लागतो.

चारही एकदम घेणं सगळ्यांना जमत नाही. दोनच नवे घ्यायचे तर ते मागे टाकावेत. बरेच जण पुढे टाकतात. पण परतीची खेप आठवा. माल उतरलेला, मागचा हौदा हलका, टायरमध्ये भरल्या गाडीची कडक हवा, आणि रायत्याच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे ओला रस्ता. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाऊ बघते, चालकाला कळतं, वेग कमी केला की सावरते. मागचं घसरलं तर गाडी गोल फिरते, सावरायला वेळ मिळत नाही. अर्थात पुढे गोटा झालेले टायर ठेवून मागे नवे, हेही नाही. आणि एकाच धुरीवर एक रेडियल आणि एक नायलॉन असं कधीच करू नये.

नवा म्हणून दिलेला टायर किती जुना आहे तेही बघावं. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर त्याच भावात घेऊ नये. आयएसआयचा शिक्का असलाच पाहिजे. हायवेच्या कडेला काळं पॉलिश मारून जुने टायर विकायला ठेवतात. त्यातल्या काहींची झिजलेली नक्षी चाकूने परत कोरलेली असते. खालचा रबराचा थर आधीच पातळ, तो आणखी पातळ झालेला. असा टायर फुकट मिळाला तरी नको. रिमोल्ड परवडत असेल तर फक्त मागे, आणि तोही हलक्या मालाला. स्टेपनीची तारीखही याच वेळी बघून घ्या, ती न वापरताही म्हातारी होते.

जुना टायर काढला की टाकून देण्याआधी नीट बघावा. मध्येच झिजला असेल तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा माल जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट गेलेलं आहे, ते न करता नवा टाकला तर तोही तसाच जाईल.

भावाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालेला आहे. पक्कं बिल घ्यावं, त्यावर टायरचा नंबर लिहून घ्यावा, नाहीतर कंपनीची वॉरंटी मागता येत नाही. आणि किंमत किलोमीटरवर मोजावी. ६,००० चा टायर ४०,००० किलोमीटर गेला तर किलोमीटरला १५ पैसे पडले. ७,५०० चा ६०,००० गेला तर साडेबारा.

ट्यूबवाल्या टायरला नवी ट्यूब आणि फ्लॅप, ट्यूबलेसला नवा व्हॉल्व्ह त्याच वेळी बसवून घ्यावा. बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी पळाली की नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.