काचबिंदू : दृष्टी जाण्यापूर्वी दिसणारी खूण

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे कानाला सारखी वाटतात. परिणाम मात्र अगदी भिन्न. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने नवे भिंग बसवले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याला मेंदूशी जोडणारी दृष्टीची मुख्य नस झिजते आणि गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणूनच ‘मोतीबिंदूच असेल, कापसाचा हंगाम आटोपला की पाहू’ हा बीड, गेवराई, माजलगावच्या पेठेतला हिशेब महागात पडू शकतो.

बहुतेक रुग्णांना वेदना होत नाहीत. प्रथम बाजूचे दिसणे कमी होते. मधली नजर बराच काळ शाबूत राहते. खतावणीतील आकडे स्पष्ट दिसत असतात आणि नुकसान मात्र चालूच असते.

हे नुकसान दृष्टिपटलाच्या छायाचित्रात दिसू शकते. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे एक फिकट चकती असते व तिच्या मध्यभागी खळगा. नस झिजू लागली की खळगा रुंदावतो. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी जगापुढे ठेवलेल्या नेत्रदर्शकाने डॉक्टर ही चकती पाहू लागले. पण छायाचित्र जपून ठेवता येते, पुढील वर्षीच्या छायाचित्राशी ताडता येते आणि दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येते. महाराष्ट्रात याचा मोठा वापर नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेच्या डॉ. विनय नांगिया व सहकाऱ्यांनी केला. 2006 ते 2009 या काळात ग्रामीण भागातील 8 गावांतील तीस वर्षांवरील 4,711 जणांच्या नेत्रपाहणीत या चकतीची छायाचित्रेही घेतली गेली. आता बेंगळुरूच्या रेमिडिओसारख्या कंपन्यांचे मोबाईलवर चालणारे कॅमेरेही उपलब्ध आहेत.

छायाचित्र संशय दाखवते, निदान नव्हे. डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर असतो. पण दाब या मर्यादेत असूनही काहींची नस झिजते. म्हणून दाब, दृष्टिक्षेत्र आणि नस या तिन्हींची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडूनच व्हावी. जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यास काही तास अंधुक दिसते. त्यामुळे सोबत कोणी असावे आणि वाहन स्वतः चालवू नये.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आई-वडील वा भावंडांस काचबिंदू असलेल्यांनी, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरलेल्यांनी विलंब करू नये. समाजाच्या मोतीबिंदू शिबिरांत या छायाचित्राची जोड दिल्यास अनेकांना वेळीच सावध करता येईल.

निदान झाल्यावर रोजचे थेंब नियमाने घालावे लागतात. त्यांनी नजर सुधारल्याचे जाणवत नाही, म्हणून अनेक जण ते मध्येच सोडतात. त्या थेंबांचे काम उरलेली दृष्टी राखणे एवढेच आहे, आणि ते लहान नाही.