मोबाइलवरील बँक व्यवहार आणि शेतकऱ्याचा विश्वास

नवे बियाणे आले म्हणजे शेतकरी ते एकदम सर्व रानात पेरीत नाही. आधी एखाद्या तुकड्यात पेरतो, कणीस भरलेले पाहतो, मगच पुढचे ठरवितो. मोबाइलवरील बँक व्यवहाराच्या बाबतीतही त्याची हीच वृत्ती दिसून येते, आणि ती दोषास्पद मानण्याचे कारण नाही.

यूपीआय ही पद्धत आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली. लोक नवे साधन कशामुळे स्वीकारतात, याविषयी अमेरिकन अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली दोन गोष्टी मांडल्या होत्या : ते आपल्या कामाचे आहे व हाताळण्यास सोपे आहे, असे माणसास वाटले पाहिजे. पैकी उपयोग पटविण्यास फारसे श्रम पडत नाहीत. शहरात शिकणाऱ्या मुलास खर्चाचे पैसे पाठविण्यासाठी बँकेत खेप घातली की दिवस मोडतो, हे शेतकरी जाणून असतो. हाताळणीची अडचण मात्र खरी आहे. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोय करण्यात आली.

परंतु मुख्य अडसर भीतीचा आहे. पैसे भलत्याच खात्यात गेले तर? ही भीती व्याख्यानाने जात नाही. म्हणून पहिला व्यवहार एक रुपयाचा, घरातल्या वा शेजारच्या माणसाशी करवून घ्यावा. पैसे सोडण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव वाचावयास लावावे. रुपया पोचल्याचे दोघांनी मिळून पाहावे. पुढे पासबुकात नोंद करून आणावी. छापील ओळीने जी खात्री पटते ती पडद्यावरील खुणेने पटत नाही.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्याकडून एक चूक होण्याचा संभव असतो. वेळ वाचावा म्हणून तो फोन स्वतःकडे घेतो, पिन विचारतो व काम उरकून देतो. त्यामुळे पिन दुसऱ्यास सांगण्याची सवय जडते, आणि उद्या गोड बोलणारा भामटा तोच पिन विचारतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत, ग्राहकाने गुप्त अंक दुसऱ्यास दिल्यामुळे झालेले नुकसान, बँकेस कळवीपर्यंत, ग्राहकावरच टाकलेले आहे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे एक वाक्य तरी प्रत्येकाच्या मनावर ठसवावे. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. शिकविताना शेतकऱ्याचे बोट दहादा चुकले तरी फोन त्याच्याच हातात राहू द्यावा.