ग्वारानी : कॉफीच्या मुलखातला एकुलता विजेता

१९७८ च्या जूनमध्ये अर्जेंटिनात झालेल्या विश्वचषकासाठी ब्राझीलने जो बावीस जणांचा संघ नेला, त्यात एका क्लबचे तिघे होते : गोलरक्षक कार्लोस, बचावपटू ऑस्कर आणि पोलोझी. क्लबचे नाव पोन्ते प्रेता, गाव काम्पिनास. साओ पावलो महानगरापासून शंभरेक किलोमीटर आत, कॉफीच्या जुन्या मुलखात वसलेले. त्याच गावात ग्वारानी नावाचा दुसरा क्लब होता. त्याचा एकही खेळाडू प्रशिक्षक कूतिन्यो यांना पसंत पडला नाही. विश्वचषक संपून दोन महिने व्हायच्या आत, १३ ऑगस्टला, हाच ग्वारानी ब्राझीलचा राष्ट्रीय विजेता झाला.

या विजेतेपदाचे मोल आपल्याला चटकन उमगत नाही. राष्ट्रीय विजेतेपद राज्यांच्या राजधान्यांत जाते, हा तिथला रिवाज. पेलेचा सांतोस राजधानीबाहेरचा खरा, पण ते देशातले मोठे बंदर. समुद्रापासून आत, ज्याला ब्राझीलचे लोक ‘इंतेरिओर’ म्हणतात, त्या भागात हे पद एकदाच गेले आहे.

काम्पिनास मात्र कधीच खेडवळ नव्हते. एकोणिसाव्या शतकात कॉफीने इथे अमाप पैसा आणला. तो गुलामांच्या श्रमावर उभा होता, हे गावाच्या श्रीमंतीच्या कथा सांगताना हळूच गाळले जाते. १८७२ मध्ये रेल्वे आली. १८८९ मध्ये पीतज्वराची अशी साथ आली, की लोक घरे सोडून पळाले. त्यातून सावरल्याची खूण म्हणून शहराने आपल्या मानचिन्हावर राखेतून उठणारा फिनिक्स घेतला. याच गावात १८३६ साली कार्लोस गोमेस जन्मला. जुझे दे आलेन्कार यांच्या कादंबरीवर त्याने रचलेला ‘ग्वारानी’ हा ऑपेरा १८७० मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात गाजला. त्याचे सुरुवातीचे संगीत पुढे ब्राझीलच्या सरकारी रेडिओ-बातमीपत्राची ओळखधून झाले.

१९११ च्या एप्रिलमध्ये गोमेसचे नाव असलेल्या चौकात जमलेल्या काही तरुणांनी क्लब काढला आणि त्याला त्या ऑपेऱ्याचेच नाव दिले. स्थापना खरे तर १ एप्रिलची. पण ‘एप्रिल फूल’ म्हणून हिणवून घ्यायला नको, म्हणून कागदोपत्री तारीख २ एप्रिल लावली. फुटबॉल क्लबाला ऑपेऱ्याचे नाव देणारे गाव मला तरी दुसरे ठाऊक नाही.

पोन्ते प्रेता त्याआधीचा, १९०० चा, रेल्वेच्या काळ्या पुलाजवळच्या वस्तीतला. १९१२ पासून दोघांचे वैर चालू आहे. मैदाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पोन्तेच्या पाठीराख्यांनी स्वतः राबून १९४८ मध्ये स्टेडियम उभे केले. ग्वारानीचे ‘ब्रिंको दे ओरो’, म्हणजे सोन्याचे कर्णभूषण, १९५३ मध्ये उघडले. काम्पिनासला ‘पश्चिमेची राजकन्या’ म्हणत. गोलाकार स्टेडियमचा आराखडा पाहून एका पत्रकाराला तिच्या कानातला दागिना आठवला आणि नाव पडले. विरोधकांनी पोन्तेवाल्यांना ‘माकडीण’ म्हणून चिडवले, तर त्यांनी तीच मिरवायला घेतली. ग्वारानीवालेही आदिवासींसाठी तुच्छतेने वापरला जाणारा ‘बुग्रे’ हा शब्द स्वतःला आनंदाने लावून घेतात.

आता १९७८ च्या स्पर्धेकडे. तिच्यात ७४ संघ होते! १९७१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा ते २० होते. देशात लष्करी राजवट होती आणि ‘आरेना’ हा तिचा पक्ष. राष्ट्रीय क्रीडा महासंघाचे अध्यक्ष ॲडमिरल एलेनो नुनेस हे रिओ राज्यात त्याच पक्षाचे पुढारी. आरेनाची जिथे पीछेहाट, तिथला आणखी एक संघ राष्ट्रीय स्पर्धेत, असे लोक उघड म्हणत. १९७६ मध्ये ५४, १९७७ मध्ये ६२, १९७९ मध्ये तर ९४ संघ. मतांसाठी स्पर्धा अशी फुगवल्यावर विजेता कसाबसा निघेल, अशी शंका रास्त होती. म्हणूनच ग्वारानीने कुणाला हरवले ते पाहायला हवे. उपांत्य फेरीत वास्को द गामाला घरी २-० आणि माराकानावर जाऊन २-१. अंतिम फेरीत पाल्मेइरास. नशिबाने हाती लागलेले पद असे नसते.

संघ बांधला होता कार्लोस आल्बेर्तो सिल्वा या चाळिशीही न गाठलेल्या प्रशिक्षकाने; १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणारा ब्राझीलचा संघ पुढे त्याच्याच हाताखाली खेळला. मधल्या फळीत क्रुझेरोहून आलेला अनुभवी झे कार्लोस, शेजारी रेनातो आणि फ्री-किकचा जादूगार झेनॉन. पुढे सतरा वर्षांचा कारेका. शब्दशः अर्थ ‘टकलू’. लहानपणी त्याला ‘कारेकिन्या’ हा विदूषक आवडे, त्यावरून हे नाव. डोक्यावर केस भरपूर होते.

१० ऑगस्टला मोरुंबी स्टेडियमवर पहिला सामना. पाल्मेइरासचा गोलरक्षक लेआओ हा ब्राझीलचाही गोलरक्षक, विश्वचषकाहून नुकता परतलेला. उत्तरार्धात त्याने कारेकाला कोपर मारले. पंचांनी त्याला बाहेर काढले आणि पेनल्टी दिली. बदली खेळाडू संपले होते, म्हणून एस्कुरिन्यो या आघाडीच्या खेळाडूला हातमोजे चढवून गोलात उभे राहावे लागले. झेनॉनने चेंडू जाळ्यात घातला. तीन दिवसांनी काम्पिनासमध्ये पूर्वार्धातच कारेकाने गोल केला. पुन्हा १-०. चारच वर्षे आधी कुणी हे भाकीत केले असते तर पोन्तेवाले हसले असते; त्या दिवशी मात्र ते घरात बसून राहिले असावेत. दहा महिन्यांपूर्वीच त्यांचा संघ साओ पावलो राज्याच्या अंतिम लढतीत कोरिंथियन्सकडून हरला होता.

पुढच्या वर्षी ग्वारानीने दक्षिण अमेरिकेच्या लिबेर्तादोरेस स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. पण क्लबची खरी कमाई खेळाडू घडवण्यात होती, आणि पोट भरायचे तर तेच विकावे लागत. १९८३ मध्ये कारेका साओ पावलो क्लबाकडे गेला. त्याचा हिशेब २५ फेब्रुवारी १९८७ च्या रात्री चुकता झाला. १९८६ च्या स्पर्धेचा लांबलेला अंतिम सामना, मैदान काम्पिनासचेच. जादा वेळेत ग्वारानी ३-२ ने पुढे, शिट्टी वाजायला मिनिटभर उरलेले. बरोबरीचा गोल केला कारेकाने! पेनल्टींवर साओ पावलो ४-३ ने जिंकले. त्या स्पर्धेत सर्वाधिक २५ गोल कारेकाचे होते आणि त्याखालोखाल २४ ग्वारानीच्या एव्हाइरचे. घरी घडलेला एक मुलगा समोरून खेळत होता, दुसरा इकडून. मग एव्हाइरही इटलीला गेला. १९९४ मध्ये आमोरोझो आणि लुइझाव या जोडीने पुन्हा आशा दाखवली, तेही गेले. आमोरोझो पुढे इटली आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला.

त्यानंतर उतरण. २००४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत, २००६ मध्ये तिसऱ्या. २०१० साली वर येऊन त्याच वर्षी पुन्हा खाली. थकलेल्या पगारांच्या खटल्यांतून २०१५ मध्ये खुद्द ब्रिंको दे ओरोचा लिलाव काढला गेला. २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत शेवटचा क्रमांक.

खेळाडू विकणे हा दोष नाही. लहान गावातल्या क्लबाला दुसरा धंदाच नसतो. साओ पावलो राज्यातल्याच मिरासोल या चिमुकल्या गावच्या क्लबाने लुइस आराउजो या आपल्या जुन्या खेळाडूच्या विक्रीतला वाटा सराव केंद्र बांधण्यात घातला. २०२४ मध्ये तो पहिल्या श्रेणीत चढला आणि २०२५ मध्ये तिथे चौथा आला. त्याच वर्षी ग्वारानी तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. इंतेरिओरमधला राष्ट्रीय विजेता अजून तो एकटाच आहे.