कवाडे नसलेली वेस

चीन देशाच्या आन्हुइ प्रांतात थांग्यूए नावाचे एक खेडे आहे. तेथे जाणाऱ्या वाटेवर एकामागून एक अशी सात दगडी तोरणद्वारे उभी आहेत. त्यांना ना कवाडे, ना अडसर. दोन्ही बाजूंस तटही नाही. चोराने मनात आणले, तर तो शेतातून सहज गावात शिरेल! मग ही द्वारे उभारली तरी कशासाठी?

अशा द्वारास चिनी भाषेत ‘पायफांग’ म्हणतात. ‘फांग’ म्हणजे तटाने वेढलेला नगरातील मोहल्ला. प्राचीन नगरांत प्रत्येक मोहल्ल्याला वेस असे व ती रात्री बंद होई. पुढे तट गेले, कवाडेही गेली. उरले ते उभे खांब आणि त्यांवरील आडव्या तुळया. सांचीच्या स्तूपाची तोरणे ज्याने पाहिली असतील, त्याला हा आकार ओळखीचा वाटेल. बौद्ध धर्माबरोबर तोरणाची कल्पनाही भारतातून तिकडे गेली असावी, असे काही विद्वान मानतात.

पायफांगाचे काम वाट अडविण्याचे नव्हे. वाटसरूला क्षणभर थांबवून वाचावयास लावण्याचे आहे. खांबांवरच्या शिळेवर कोणाचा तरी गौरव कोरलेला असतो. पण असे द्वार कोणीही उठून बांधावे, अशी सोय नव्हती. त्यास सम्राटाची अनुज्ञा लागे. थांग्यूएची सातही द्वारे बाव घराण्याची आहेत. तीन मिंग राजवटीतील (१३६८–१६४४), तर चार छिंग राजवटीतील (१६४४–१९१२). निष्ठा, पितृभक्ती, पातिव्रत्य व मधोमध परोपकार, मग पुन्हा उलट क्रमाने निष्ठेपर्यंत, अशी त्यांची मांडणी आहे. त्यामुळे कोणत्याही टोकाकडून या, पहिली भेट निष्ठेचीच!

पितृभक्तीच्या एका द्वाराची कथा मोठी हृद्य आहे. तेराव्या शतकात, सुंग राजवटीच्या अखेरीस, लुटारूंनी या घराण्यातील एका पितापुत्रांना पकडले. दोघांपैकी एकाचा वध होणार होता. पिता म्हणे, “मला मारा”; पुत्र म्हणे, “मला मारा, त्यांना सोडा.” अखेर दोघेही वाचले.

पातिव्रत्याच्या द्वारांपाशी मात्र मन घुटमळते. ती दोन विधवांच्या गौरवार्थ उभारलेली आहेत. त्यांपैकी एकीने पतीच्या मागे पुनर्विवाह केला नाही. त्याच्या पहिल्या पत्नीचा मुलगा तिने पोटच्या पोराप्रमाणे वाढविला. या कष्टांचे मोल म्हणून एवढी उंच शिळा उभी राहिली. तिच्यावर पतीचे संपूर्ण नाव आहे. तिच्याविषयी मात्र ती वू घराण्यातील होती, एवढेच कळते.